पेल्यातला गाळ

वॉटर प्युरिफायर विकणारा पोरगा आमच्या सोसायटीत आला. दोन पेले मांडले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचं. दोन्हींत धातूच्या कांड्या सोडून बटण दाबलं. थोड्या वेळात नळाचं पाणी तपकिरी, गढूळ; त्याचं मात्र नितळ. "काका, हे रोज तुमच्या पोटात जातं!" शेजारच्या वहिनींनी असाच व्हिडिओ मोबाइलवर पाहिला होता, त्यामुळे त्या पर्स काढायच्या बेतात होत्या.

मी चिमूटभर मीठ आणून त्याच्या नितळ पेल्यात टाकलं आणि म्हटलं, आता दाब बटण. तेही पाणी तपकिरी झालं. तो गाळ पाण्यातला नव्हताच, लोखंडी कांडीचा गंज होता. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड सुटू लागतं. त्याच्या आरओ यंत्राने क्षार काढून टाकलेले असतात, म्हणून तिथे काही घडत नाही. पोरगा बिचारा पढवलेलं बोलत होता, त्याच्यावर काय रागवायचं?

मग त्याने टीडीएस मीटर काढला. हा मीटर खोटा नसतो, पण तो विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, जंतूंचा नाही. गटाराचं पाणी थोडंसं झिरपलेल्या नळाचा आकडाही छान लहान येऊ शकतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस चालतो. दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत. मुंबई-पुण्यात धरणाचं पाणी येतं तिथे आकडा बहुधा 500 च्या बराच खाली असतो. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये केंद्राला सांगितलं होतं की अशा ठिकाणी आरओला मनाई करा, कारण त्यात पाणी फार वाया जातं.

म्हणून आरओ म्हणजे लूट, असं सांगणारे व्हिडिओही मी मानत नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. तिथे आरओचा खरा उपयोग आहे. पण फ्लोराइड मीटरवर दिसत नाही, ते वेगळ्या तपासणीतच कळतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत पाणी तपासून मिळतं. आधी तपासणीचा कागद हातात घ्या, मग दुकानात जा.

कोणी काही दाखवलं की मी एकच विचारतो: यातून नेमकं काय मोजलं गेलं? व्हिडिओखाली खरेदीची लिंक असेल तर सांगणाऱ्याला बहुधा कमिशन मिळतं, हे धरून चालायचं. पाच ताऱ्यांचे अभिप्राय बहुतेक डबा उघडल्या दिवशीचे असतात. वर्षभर वापरून कुरकुरणाऱ्यांचे वाचा, त्यांत मेंब्रेनची किंमत आणि न उचललेले फोन सापडतात. आयएसआय शिक्का असेल तर त्याखालचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून बघा. आणि फिल्टर बदलण्याचा वर्षाचा खर्च विक्रेत्याकडून लेखी मागा. आमच्याकडे तो मागितल्यावर पोराने पेटी आवरायला घेतली.