पाच घरे आणि एक 'क्यू'

इंग्रजी स्पेलिंगचे भय आमच्या घराघरांतून आहे, आणि नुसत्या पाठांतराने ते जात नाही असा आमचा अनुभव आहे. म्हणून आम्ही वर्गात एक साधा खेळ घेतो. फळ्यावर पाच घरे आखावयाची, एक अक्षर द्यावयाचे आणि ते ज्यांत येते असे पाच अक्षरांचे शब्द मुलांकडून काढून घ्यावयाचे. जॉश वॉर्डल याने २०२१ साली 'वर्डल' हा असाच पाच अक्षरांचा खेळ सर्वांस खुला केला, तेव्हापासून मोठी मंडळीही मोबाइलवर घरे भरीत बसलेली दिसतात. आमचे काम मात्र खडूवर भागते. पालकांनी घरी पाटीवर हा खेळ घेतला तरी चालेल.

अक्षर मिळताच आठवेल तो शब्द ओरडावा, ही मुलांची रीत. ती बरी नव्हे. सव्वीस अक्षरे पाच घरांत वाटेल तशी मांडली तर १,१८,८१,३७६ मांडण्या होतात. एवढ्या ढिगात आंधळेपणाने हात घालून काय लाभणार? आधी घरे कमी करावीत. 'क्यू' हेच अक्षर घ्या. त्याच्या मागोमाग 'यू' येतो, असा नियम. तेव्हा 'क्यू' पाचव्या घरात बसणार नाही, कारण पुढे 'यू'ला जागाच उरत नाही. चौथ्या घरात बसविला तर शब्द 'यू'ने संपेल, आणि तसे रोजच्या वापरातले शब्द नाहीत. राहिली पहिली तीन घरे. पहिल्या घरात 'क्यू' ठेवला की दुसरे 'यू'ने भरले. उरलेल्या तीन घरांच्या १७,५७६ मांडण्या. त्यांत स्वर कोठे हवा हे पाहू लागले की क्वीन, क्विक, क्विल्ट, क्वोटा, क्वेरी असे शब्द भराभर हाती येतात. दुसऱ्या घरात 'क्यू' असलेले ईक्वल आणि स्क्वॉड. तिसऱ्या घरातला 'पीक', म्हणजे पी-आय-क्यू-यू-ई; हे शेतातले पीक नव्हे, दुखावलेल्या मनाचा रुसवा. 'क्वायेट' म्हणजे शांत आणि 'क्वाइट' म्हणजे अगदी, या दोहोंत तीच पाच अक्षरे असून केवळ शेवटच्या दोहोंची अदलाबदल आहे. येथे पदवीधरही फसतात.

आता आमची चूक सांगावयाची. "'क्यू'नंतर 'यू' आलाच पाहिजे," हे वाक्य आम्ही फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे लिहून ठेवले होते. एकदा वह्या तपासताना आठवीतील एका मुलीच्या वहीत क्यू-ए-एन-ए-टी असा शब्द आढळला. आम्ही त्यावर लाल फुली मारली व शेजारी नियम लिहिला. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन उभी राहिली. म्हणाली, "सर, पण हा तर आपल्या गावातला शब्द आहे. कुंडी भंडाऱ्याला इंग्रजीत असंच म्हणतात." वर्गात हशा पिकला. कनात म्हणजे मांडवाचा कापडी आडोसा, एवढेच बाकीच्यांस ठाऊक! आणि लिहिण्यास संकोच वाटतो, पण आम्हीही तिला खाली बसविले. त्यानंतर आठवडाभर तिने हात वर केला नाही.

शब्दकोश उघडावयास आम्हांस तेवढा आठवडा लागला. शब्द तेथे होता. ज्या भूमिगत बोगद्यातून डोंगराकडचे झिरपलेले पाणी केवळ उताराच्या बळावर वस्तीकडे आणतात, त्यास 'कनात' म्हणतात. ही विद्या इराणची. १६१५ साली, जहांगीर बादशहाच्या काळात, अब्दुर्रहीम खानखाना यांच्या सुभेदारीत सातपुड्याचे पाणी बऱ्हाणपुरास आणले ते याच रीतीने. लालबागेकडे ज्या कुंड्या आपण पाहतो, त्या या बोगद्याच्या उजेडाच्या व हवेच्या वाटा. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्याचे नाव आले. आणि आम्ही त्यावर फुली मारून बसलो होतो!

मग 'यू' का नाही? 'क्यू' आणि अरबीतला घशातून उच्चारावयाचा 'काफ' ही दोन्ही अक्षरे फिनिशियन लिपीतल्या एकाच अक्षरापासून निघाली. लॅटिनने आपल्या 'क्यू'स 'यू'ची सोबत दिली. जुन्या इंग्रजीत 'क्वीन'च्या आरंभी 'सी-डब्ल्यू' असे. १०६६ नंतर नॉर्मन लेखनिकांच्या वळणाने तेथे 'क्यू-यू' आला. अरबी शब्द इंग्रजीत शिरले ते निराळ्या दाराने. त्यांतला 'काफ' दाखविण्यास एकटा 'क्यू' पुरे झाला. फकीर, नकाब, किब्ला यांची इंग्रजी रूपे पाच-पाच अक्षरांचीच आहेत आणि एकातही 'यू' नाही. फकीर 'के'नेही लिहितात. दोन्हीं बरोबर धरावीत.

मराठीत हा भेद बुजला आहे. वकील आणि फकीर यांतला 'की' आपण एकच लिहितो व एकच बोलतो. परंतु वकिलातला साधा 'काफ', तर फकिरातला घशातला. हक्क, तालुका, मुक्काम, कलम, कुलूप हे सारे घशातल्या 'काफ'चे. ज्या मुलांनी घरी उर्दू अक्षरे गिरविली आहेत, त्यांच्या कानास हा फरक आधीच कळतो. इंग्रजीत आपण मागे आहोत असे मानून मान खाली घालणाऱ्या याच मुलांपाशी ही किल्ली आहे, हे आम्हांसही एका मुलीमुळे कळले.

आम्ही वर्गासमोर ती लाल फुली खोडली, तिला गुण दिला आणि फळ्यावरच्या वाक्यात 'आलाच पाहिजे' पुसून 'बहुधा येतो' असे लिहिले. मग चौथ्या आणि पाचव्या घरांचा प्रश्न नव्याने निघाला, कारण तीही आम्ही बंद करून टाकली होती. पाचवे घर मुलांनी लवकर उघडले: टी-ए-एल-ए-क्यू, तलाक. चौथ्याशी सगळे अडले. तास संपण्याची घंटा झाली, तेव्हा मागच्या बाकावरून हात वर आला. बी-यू-आर-क्यू-ए, बुरखा. 'यू' आहे, पण 'क्यू'च्या आधी!