पदवी झाली, पुढे धंदा करायचाय... मग पहिली नोकरी कुठे धरायची?



बी.ए., बी.कॉम. झालं. मनात धंदा आहे, पण भांडवल नाही आणि अनुभवही नाही. घरचे म्हणतात, "आधी कुठंतरी चिकट." आज हा प्रश्न गोंदिया जिल्ह्यातलं, अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं प्रतापगड डोळ्यासमोर ठेवून सोडवू.

एक गोष्ट पक्की धरा. ज्याला पुढे धंदा करायचाय, त्याची पहिली नोकरी म्हणजे पगारी शाळा. रोज संध्याकाळी धंद्यातली एखादी नवी गोष्ट कळली, तरच त्या नोकरीत समाधान मिळेल.

१. पगार नको, शिल्लक मोजा

समजा, नागपुरात १५,००० ची नोकरी मिळाली. खोली ३,५००, मेस ३,५००, प्रवास-मोबाईल २,०००. हातात राहिले ६,०००. गावाजवळ ९,००० ची मिळाली, पेट्रोल-डब्याला २,५०० गेले, तर राहिले ६,५००. आकडे तुमचे तुम्ही टाका. शिल्लक सारखीच निघत असेल, तर निर्णय शिकण्यावर घ्यायचा.

२. पैसा जिथे दिसतो तिथे बसा

आपला भाग धानाचा. राईस मिलमध्ये नोकरी म्हटलं की पदवीधर पोरगं कॉम्प्युटरवर बिलं बनवायला बसतं. तुम्ही काटा मागा, खरेदी मागा.

का? सरकारी भरडाईत १०० किलो धानामागे ६७ किलो तांदूळ द्यावा लागतो. उरलेल्यात तूस आणि कोंडा. तूस जळणाला जातं, कोंडा तेलवाल्यांकडे आणि ढोरांच्या खाद्यात. तांदूळ भरडताना तुटला की कनकी वाढते आणि भाव पडतो. सरकारी खरेदीत धानाचा ओलावा १७ टक्क्यांच्या वर गेला की माल अडतो. म्हणजे नफा-तोटा धान काट्यावर येतं तेव्हाच बराचसा ठरलेला असतो. मूठभर धान हातात घेऊन अंदाज बांधायला एक हंगाम लागतो. ही विद्या कॉलेजात मिळत नाही.

मिलच काढायची असं नाही. पुढे पोहे, मुरमुरे, तांदळाचं पीठ, पशुखाद्य, काहीही करा, हीच समज कामाला येते.

३. पत कमवा

प्रतापगड-गोठणगाव भागात नोर्गेलिंग ही तिबेटी वसाहत आहे. हिवाळ्यात शहराशहरांत स्वेटर विकणारे तिबेटी व्यापारी आपण सगळ्यांनी पाहिलेत. हा धंदा मोजक्या महिन्यांचा. लुधियानाच्या ठोक व्यापाऱ्यांकडून बराचसा माल उधारीवर उचलायचा आणि हंगाम संपला की पैसे चुकते करायचे. उधारी मिळते ती पतीवर.

तुमची पतही पहिल्या नोकरीतच तयार होते. पगार बँकेत घ्या, दर महिन्याला ठरलेली बचत टाका. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात स्वतःचा वाटा सर्वसाधारण गटाला १० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी अशा विशेष गटांना ५ टक्के असतो. ५ लाखांच्या प्रकल्पाला ५०,००० किंवा २५,०००. महिना ३,००० टाकले, तर १७ महिन्यांत ५१,००० होतात. म्हणून पहिल्या नोकरीची मुदत दीड-दोन वर्षं ठरवा आणि तारीख वहीत लिहून ठेवा. मुदत लिहिली नाही तर दोनाची दहा वर्षं कधी होतात कळत नाही.

४. मालकाला हे चार प्रश्न विचारा

• मला गिऱ्हाइकाशी बोलायला मिळेल का?
• खरेदीच्या वेळी सोबत राहता येईल का?
• उधारी वसुलीला पाठवाल का?
• सहा महिन्यांनी काम बदलून द्याल का?

चारपैकी दोनाला "हो" आलं, तरी नोकरी शिकण्यासारखी आहे. चारही "नाही" असतील, तर पगार चांगला असला तरी दोनदा विचार करा.

अनुभव नाही म्हणून कुणी उभं करत नसेल, तर मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना बघा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत पदवीधरांना महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठरवलं गेलं. सध्या जागा आहेत का, हे गोंदियाच्या कौशल्य विकास व रोजगार मार्गदर्शन केंद्रात जाऊन विचारा.

एक इशारा

धंदा शिका, मालकाची वही चोरू नका. त्याची गिऱ्हाइकं फोडून दुकान टाकाल, तर तालुक्यात आठ दिवसांत बोभाटा होतो. उद्या तोच मालक तुम्हाला पहिली उधारी देणारा असू शकतो. नीट सांगून, हिशेब पुरा करून बाहेर पडा.

या आठवड्याचा गृहपाठ

तुम्हाला जो धंदा करायचाय, त्याच्याशी जोडलेली तीन ठिकाणं लिहा: एक माल बनवणारं, एक विकणारं, एक माल पुरवणारं. तिन्हीकडे प्रत्यक्ष जा. फोन नको. वरचे चार प्रश्न विचारा, उत्तरं वहीत मांडा आणि घरच्यांसमोर ती वही ठेवा. "कुठंतरी चिकट" म्हणणाऱ्या वडिलांनाही हिशेब कळतो, फक्त तो मांडून दाखवावा लागतो.

चला, कामाला लागा!