जन्माआधीच्या दिवसांची ओढ

प्रश्न : माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ पाहिल्यापासून ‘मी ऐंशीच्या दशकात जन्मायला हवं होतं’ असं तिचं चाललंय. न पाहिलेल्या काळाची ओढ लागते कशी? आणि हल्ली सगळेच सिनेमे, मालिका मागे का वळतात?
— एक वाचक, सातारा

उत्तर : या मालिकेचे कर्ते मॅट आणि रॉस डफर हे जुळे भाऊ १९८४ साली जन्मले, आणि गोष्ट सुरू होते नोव्हेंबर १९८३मध्ये! त्यांनी तरी तो काळ कुठे पाहिला? त्यांना तो भेटला ‘ई. टी.’ (१९८२), ‘द गूनीज’ (१९८५) अशा सिनेमांतून आणि स्टीफन किंगच्या पुस्तकांतून. मुलीची ओढ त्याच जातीची आहे, ती खोटी समजू नका. केट बुशचं १९८५चं गाणं या मालिकेमुळे २०२२मध्ये ब्रिटनच्या यादीत पहिलं आलं. मूळ प्रकाशनाच्या वेळी ते तिसऱ्या क्रमांकापर्यंतच पोचलं होतं.

मागे वळणं मात्र हल्लीचं नाही. १९७३चा ‘अमेरिकन ग्राफिटी’ १९६२मध्ये घडतो, तोही दिग्दर्शक जॉर्ज लुकस ज्या मोडेस्टो गावात वाढला तिथेच. ‘बॅक टू द फ्यूचर’चा नायक १९८५मधून थेट १९५५मध्ये जातो. शाळा-कॉलेजातली पोरं दहा ते तीस वर्षांनी सिनेमा काढण्याच्या वयाला येतात आणि तिकीट काढणारेही त्यांच्याच वयाचे असतात. आपल्याकडे ‘दम लगा के हैशा’मधलं १९९५चं हरिद्वार आणि तिथलं कॅसेटचं दुकान घ्या, किंवा ‘ये मेरी फॅमिली’मधली जयपूरची १९९८ची उन्हाळी सुट्टी.

मला याहून मोठं वाटतं ते कारण गोष्ट रचण्याच्या कामातच आहे. मोबाइल आला आणि लेखकाच्या हातून चुकामूक गेली. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मध्ये विल सायकलवरून रात्री एकटा घरी निघतो आणि नाहीसा होतो, तो घरात नाही हे सकाळी कळतं. त्याच्या आईला आलेल्या फोनवर नुसता श्वास ऐकू येतो आणि फोन जळतो. मग ती दुकानाच्या मालकाकडे पगाराची उचल मागून नवा फोन आणते, कारण मुलगा पुन्हा फोन करील तो याच घरी, याच तारेवर. आज हा सगळा प्रसंग एका ‘लोकेशन’मध्ये संपला असता. वाट पाहणं, निरोप न मिळणं, गैरसमज, पत्ता शोधत हिंडणं या गोष्टी कथेला लागतातच. त्या आयत्या मिळतात म्हणून लेखक मागे जातात, आणि आजच्या मुलांना मोह पडतो तोही बहुधा याचाच. संध्याकाळभर कुणालाही न सापडता सायकल हाणणं त्यांच्या वाट्याला फारसं येत नाही.

माझी तक्रार एकच. पुष्कळदा केशरचना आणि वॉलपेपर बिनचूक येतात, पण त्या काळाची भीती गाळली जाते. म्हणून मुलीला ‘शाळा’ (२०१२) दाखवा, आणि ती मराठी वाचत असेल तर आधी मिलिंद बोकील यांची कादंबरी द्या. नववीतला जोशी शिरोडकर नावाच्या मुलीच्या वाटेकडे डोळे लावून असतो, आणि त्याच वेळी बाहेर आणीबाणी चालू असते. मोठी माणसं काय बोलायचं टाळतात, हे त्या मुलांनाही जाणवत राहतं. पाहून झाल्यावर तिला विचारा, या वर्गात बसायला तिला आवडलं असतं का.