जनावराचे ‘अकारण’ रक्त

पाळीव जनावराच्या नाकातून किंवा लघवीवाटे एकाएकी रक्त आले, की आपल्या जांबोटी भागात बहुधा दोनच निदाने होतात: दृष्ट लागली, नाहीतर उष्णता झाली. कारण दिसत नाही, म्हणून ते नाहीच असे आपण धरून चालतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला तरी हे पटू नये. प्रत्येक नावे नोंदीला तितकीच जमा नोंद असते, हा द्विनोंदी पद्धतीचा पहिला धडा. रक्त ही खात्याची एकच बाजू. दुसरी बाजू शोधावी लागते.

असा शोध पूर्वी एकदा लागलेला आहे. १९२० नंतर कॅनडा व अमेरिकेत किरकोळ जखमेनेही गाई रक्त वाहून मरू लागल्या. स्वीट क्लोव्हर नावाचा चारा बुरशी येऊन खराब झाला की हे घडते, असे फ्रँक स्कोफील्ड या पशुवैद्याने दाखवून दिले. १९३३ साली विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी बर्फाच्या वादळातून न गोठणारे रक्त दुधाच्या कॅनमध्ये घेऊन कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोहोचला. लिंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे त्या चाऱ्यातील विष वेगळे काढले. त्याच कुळातील वॉर्फरिन १९४८ मध्ये उंदरांसाठी बाजारात आले. आज आपल्याकडे मिळणारे ब्रोमाडायोलोन त्याच जातीचे, पण शरीरात जास्त काळ टिकणारे आहे.

रक्त गोठविणारे घटक यकृतात के जीवनसत्त्वाच्या मदतीने तयार होतात. हे विष ती मदत बंद पाडते. अंगातील जुने घटक संपेपर्यंत जनावर धडधाकट दिसते. तीन ते पाच दिवसांनी रक्त सुरू होते. तोपर्यंत घरची माणसे विषाची गोष्ट विसरून गेलेली असतात.

आमच्या मोतीचे असेच झाले. रविवारी त्याच्या नाकातून रक्त आले. आजीने मीठ-मोहरी उतरून टाकली. आम्ही दोन दिवस वाट पाहिली. मंगळवारी रात्री तो गेला. पुढे कणगीमागे झाडताना उंदराच्या औषधाचे कुरतडलेले पाकीट सापडले. ते मीच आणून ठेवले होते. मराठीत आपण त्याला ‘औषध’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘इलि पाषाण’, म्हणजे उंदराचे विष. कन्नड शब्द अधिक प्रामाणिक आहे.

अर्थात प्रत्येक रक्तस्रावामागे हेच विष असते असे नाही. गोचिडांमुळे कुत्र्याला एर्लिकिया नावाचा रोग होतो. ताप येतो, रक्तातील बिंबिका घटतात आणि नाक वाहते. गाई-म्हशींना गोचिडांपासूनच बबेसियाचा रोग होतो. तांबड्या पेशी फुटून लघवी कॉफीसारखी होते. पावसाळ्यात ओढ्यावर पाणी पिताना नाकात जळू शिरली, तर रक्त बहुधा एकाच नाकपुडीतून येते. घोणस वा फुरसे चावल्यास सूज येते आणि हिरड्यांतूनही रक्त येते. रोग निराळे, म्हणून उपायही निराळे. विषावर के-१ जीवनसत्त्व अनेक आठवडे द्यावे लागते, एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन, सर्पदंशावर प्रतिविष. यांतले कोणते द्यायचे हे पशुवैद्यानेच ठरवावे.

आपले काम तोपर्यंतचे. जनावराला धावू देऊ नये. बाहेरची जखम असेल तर स्वच्छ कापड सलग दहा मिनिटे दाबून धरावे. पुनःपुन्हा उचलून पाहू नये. तंबाखू, चुना भरू नये. माणसांची ॲस्पिरिनसारखी वेदनाशामक गोळी मुळीच देऊ नये, तिने रक्त अधिक वाहते. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर एक तासही थांबू नये. मागच्या आठवड्यात जनावर कुठे गेले, काय खाल्ले, घरात कोणते विष ठेवले, हे कागदावर लिहावे आणि पाकीट सोबत न्यावे. खानापूरचा पशुदवाखाना दूर वाटला तर १९६२ या क्रमांकावर फोन करावा.

मोतीच्या वेळी मला एकच प्रश्न विचारायला हवा होता: गेल्या आठवड्यात या घरात काय आले? उत्तर माझ्यापाशीच होते. वाचकांनी तो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावा, एवढ्यासाठी हा लेख.