इसहाकाचे डोळे आणि याकोबाचा हात

शास्त्रपाठ : उत्पत्ती २७:१-२९, ४८:८-२०
पाठांतरासाठी : निर्गम २०:१२
साहाय्यक वाचन : मार्क ७:९-१३, २ करिंथ ८:२०-२१, १ तीमथ्य ५:४, ८
पाठाचा उद्देश : वृद्ध आईवडिलांच्या पैशाचा सांभाळ करताना त्यांचा मान कसा राखावा हे शिकणे.

प्रस्तावना

आमचे वडील खानदेशातून सुरतेस आले व उधन्याच्या एका गिरणीत आयुष्यभर राबून निवृत्त झाले. आई प्रभूकडे गेल्यानंतर त्यांचा व्यवहार ते एकटेच पाहत. एके दिवशी त्यांचे पासबुक आमच्या हाती आले आणि आम्हांला धक्का बसला. दर महिन्यास ५०० रुपये कोणाला तरी जात होते. नातवंडांचे कपडे, गावाकडच्या लग्नांतील आहेर ह्यांवर भरमसाट खर्च झाला होता. शिवाय एकाच दिवशी १८,००० रुपये गेले होते. पेन्शन बंद होईल अशी फोनवरून भीती घालून कोणी ते काढून घेतले होते.

आम्ही रागावलो. पासबुक व बँकेचे कार्ड आमच्या कपाटात ठेवले आणि आपण आपले कर्तव्य केले असे समजलो. पुढल्या रविवारी उपासनेत अर्पणाची थैली आली, तेव्हा बाबांचा हात मांडीवरच राहिला. त्यानंतरच्या रविवारीही तसेच. घरी विचारले तेव्हा ते म्हणाले, "देवाला द्यायचे ते आपल्या हातचे द्यावे. तुमच्याकडून मागून काय देऊ?"

त्या रात्री आम्ही उत्पत्तीचे पुस्तक उघडले. हा पाठ तेथूनच निघाला आहे.

१. फसवला गेलेला बाप

उत्पत्ती २७ मध्ये इसहाक म्हातारा झाला आहे, त्याचे डोळे मंद झाले आहेत. त्याला शंका येत नाही असे नाही. आवाज एकाचा आणि हात दुसऱ्याचे, हे त्याला जाणवते. शिकार इतक्या लवकर कशी मिळाली असेही तो विचारतो. पण उत्तरात देवाचे नाव घेतले जाते (वचन २०) आणि शेवटी म्हातारा फसतो.

येथे तीन गोष्टी पाहा. फसवणूक घाईने आली. ती देवाच्या नावाने आली. आणि तंबूत इसहाकाजवळ खरे सांगणारे कोणी नव्हते. फसवणारे घरचेच होते.

आजही असेच घडते. फोनवरचा मनुष्य म्हणतो, "आत्ताच करा, नाहीतर खाते बंद होईल." कोणी पोलिसाचा वेष करून चित्रफोनवर अटकेची धमकी देतो. वास्तविक फोनवरून अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. कोणी बियाण्याप्रमाणे पैसे पेरा, शंभरपट मिळेल, असे सांगून विधवेचे सोने उतरवून घेतो. आणि कधी घरातलाच मुलगा, "बाबा, फक्त इथे सही करा" म्हणतो.

अशा वेळी आईबापांचे रक्षण करणे हे आपले कर्तव्य आहे. त्यात संकोच नको.

२. ज्याला ठाऊक होते असा बाप

आता उत्पत्ती ४८ वाचा. याकोबाचेही डोळे म्हातारपणामुळे मंद झाले आहेत. योसेफ आपले दोन पुत्र घेऊन येतो. थोरला मनश्शे बापाच्या उजव्या हाताखाली यावा अशी तो नीट मांडणी करतो. पण याकोब आपले हात एकमेकांवरून फिरवतो आणि उजवा हात धाकट्या एफ्राईमाच्या डोक्यावर ठेवतो. योसेफाला ते आवडत नाही. तो बापाचा हात धरून उचलू लागतो.

योसेफ वाईट मुलगा नव्हता. दुष्काळात त्यानेच बापाला व भावांना पोसले (४७:१२). मिसराचे धान्य मोजणारा तो कुशल कारभारी होता. कदाचित म्हणूनच त्याला वाटले असेल की बाप चुकला. जो पोसतो त्याला हात फिरवण्याचाही अधिकार आहे असे सहज वाटू लागते. परंतु याकोब नकार देतो आणि मला हे ठाऊक आहे असे पुत्राला सांगतो. डोळे मंद झाले होते, समज मंद झाली नव्हती.

बाबांच्या पासबुकातील ५०० रुपयांचे असेच होते. त्यांच्याबरोबर मागावर काम केलेल्या एका मयत सोबत्याच्या मुलीची शाळेची फी ते भरत होते. आई असतानाच दोघांनी हे ठरवले होते. आम्ही कपाटाला कुलूप लावले आणि त्या मुलीची दोन महिन्यांची फी थकली. एकाच पासबुकात इसहाक होता आणि याकोबही होता. आम्ही दोघांना एकच समजलो, ही आमची चूक.

म्हणून हात धरण्यापूर्वी विचारा : आपले वडील फसत आहेत, की आपल्याला न आवडणारे पण समजून उमजून काही करीत आहेत? पहिल्याला आवरावे. दुसऱ्याचा मान राखावा. बाकीचा खर्च केवळ हौसेचा वा लोकलाजेचा असेल, तर प्रेमाने बसून हिशोब दाखवावा.

३. मान राखणे म्हणजे काय?

पाचवी आज्ञा लहान मुलांनाच दिली आहे असे आपण शब्बाथ शाळेत शिकवतो. पण सीनाय पर्वताजवळ ती ऐकणारे लोक प्रौढ होते; त्यांचे आईबाप वृद्ध होत होते. 'मान राख' ह्यासाठी असलेल्या इब्री शब्दाच्या मुळाशी 'वजन' हा अर्थ आहे. बापाच्या शब्दाला घरात वजन असावे, असा त्याचा भाव.

प्रभू येशूने मार्क ७ मध्ये ह्या आज्ञेचा संबंध सरळ पैशाशी लावला. काही लोक आपली मिळकत 'कर्बान' म्हणजे देवाला वाहिलेली आहे असे म्हणत आणि आईबापांना मदत करण्याचे टाळीत. प्रभूने त्यांचा निषेध केला. म्हणजे मान हा तोंडी नव्हे. त्यात तेल, औषध आणि वीजबिल येते. त्याचबरोबर, 'आम्हीच पोसतो' म्हणून त्यांचा आवाज बंद करणे हाही मान नव्हे.

४. व्यवहारात कसे वागावे?

(अ) एकत्र बसावे. वहीवर दोन महिन्यांचा खर्च मांडावा : किराणा, औषधे, वीज, अर्पण, आहेर. आकडा आपण सांगू नये, त्यांना वाचू द्यावा. बुरूज बांधणाऱ्याने आधी खर्चाचा हिशोब करावा हे प्रभूने शिकवलेच आहे (लूक १४:२८). आमच्या बाबांनी आहेराची बेरीज स्वतः केली आणि स्वतःच ती निम्मी केली.

(आ) मोठी रक्कम वेगळी ठेवावी. ६० वर्षांवरील व्यक्तीस पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे ठेवता येतात. मुदत ५ वर्षांची, व्याज दर तीन महिन्यांनी मिळते. एप्रिल २०२३ पासून मर्यादा ३० लाख रुपये आहे. मुदतीपूर्वी मोडल्यास कपात होते, त्यामुळे घाईच्या खर्चालाही आळा बसतो. रोजच्या खात्यात थोडेच पैसे असावेत, आणि फोन त्याच खात्याला जोडावा.

(इ) एका रात्रीचा नियम करावा. ठरावीक रकमेपेक्षा जास्त कोणी मागितले तर एक रात्र थांबावे आणि घरात बोलावे. हा नियम आपणही पाळावा, म्हणजे त्यांना तो लाजिरवाणा वाटणार नाही. ओटीपी कोणालाही सांगू नये. हयातीचा दाखला बँकेत किंवा पोस्टात जाऊन देता येतो. फसवणूक झालीच तर क्षणाचाही विलंब न करता १९३० ह्या क्रमांकावर कळवावे. आम्हांला हा क्रमांक माहीत नव्हता. आम्ही बाबांवर रागावण्यात दिवस घालवला.

(ई) हिशोब सर्व भावंडांना दाखवावा. मंडळ्यांची वर्गणी नेताना पौलाने आपल्याबरोबर इतर बांधव घेतले, कोणी दोष लावू नये म्हणून (२ करिंथ ८). खात्यावर आपले नाव जोडले म्हणून पैसा आपला होत नाही. घर घाईने आपल्या नावावर करून घेऊ नये. आईवडिलांच्या निर्वाहासाठी २००७ साली संसदेने कायदा केला, ही आपणा सर्वांस लाज वाटावी अशी गोष्ट आहे.

(उ) हातखर्च त्यांचाच असावा. दरमहा काही रक्कम अशी असावी की तिच्याविषयी कोणी प्रश्न विचारू नये. अर्पण त्यांच्याच हातून जावे.

(ऊ) तीच वस्तू पुन्हा पुन्हा आणणे, नोटा न ओळखणे, बिल भरल्याचे विसरणे असे दिसू लागले तर बोलू नये, डॉक्टरांकडे न्यावे. आणि त्यांची चूक चारचौघांत सांगू नये. शेम व याफेथ पाठमोरे चालत गेले आणि त्यांनी बापाची लाज झाकली (उत्पत्ती ९:२३).

समारोप

आम्ही बाबांची क्षमा मागितली व पासबुक परत दिले. ते म्हणाले, "कपाटात राहू दे, पण किल्ली दोघांकडे असू दे." पुढल्या रविवारी थैली आली तेव्हा त्यांनी खिशात हात घातला. किती टाकले ते आम्ही पाहिले नाही.

शिक्षकांसाठी सूचना : दोन मुलांना पुढे बसवून याकोबाने हात कसे फिरवले हे करून दाखवावे. मग विचारावे, "योसेफाने हात का धरला?"

चर्चेसाठी प्रश्न
१. इसहाकाला शंका आली असूनही तो का फसला?
२. आपल्या मंडळीतील एकट्या राहणाऱ्या वृद्धांना व्यवहारात विश्वासू सोबत कोण देईल?
३. आपण आईवडिलांचा कोणता निर्णय न विचारता फिरवला आहे काय?

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, ज्या हातांनी आम्हांला भरवले त्या हातांना धरताना आमचे हात नम्र ठेव. फसवणाऱ्यांपासून त्यांचे रक्षण कर, आणि आमच्या उतावळेपणापासूनही. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.