प्रत उतरायला उशीर का झाला ?

कागदी पत्र पेटीत टाकले की ते आपल्या हातून गेले. ई-मेलचे तसे नाही. आलेले व धाडलेले प्रत्येक पत्र सर्व्हर नावाच्या संगणकावर साठून राहते. करार, बिले, नेमणुका, तक्रारी सारे तेथेच असते. तो साठा नष्ट झाला तर काय, या भीतीवरचा उपाय म्हणजे बॅकअप, अर्थात अन्यत्र जपून ठेवलेली प्रत. २०११ च्या फेब्रुवारीत सॉफ्टवेअरमधील एका दोषामुळे जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के ग्राहकांच्या पेट्या रिकाम्या दिसू लागल्या. गूगलने पत्रांच्या अनेक प्रती ठेवल्या होत्या, परंतु तो दोष त्यांच्यापर्यंतही पोहोचला. अखेर पत्रे परत आणली ती चुंबकीय फितींवरून. फिती निराळ्या ठेवलेल्या असल्यामुळेच त्या वाचल्या.

आता सर्व्हर बहुधा स्वतंत्र यंत्र नसते. एकाच दणकट संगणकात अनेक आभासी संगणक नांदतात. जुन्या वाड्यातील बिऱ्हाडांसारखेच हे. चूल ज्याची त्याची, पण विहीर व जिना एकच. अशा आभासी ई-मेल सर्व्हरची प्रत घेताना एक अडचण येते. पत्रे रात्रीही येतच असतात. आणि लिहिणे चालू असलेल्या वहीची नक्कल बिनचूक कशी व्हावी? म्हणून मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजसारख्या ई-मेल प्रणालीला क्षणभर लेखणी थांबविण्यास सांगतात. ही विश्रांती फार तर २० सेकंदांची. तेवढ्यात त्या घटकेची स्थिती गोठविली जाते; तिला स्नॅपशॉट म्हणतात. पुढचे लेखन वेगळ्या फाईलमध्ये होते आणि नक्कल संपल्यावर ते मूळ साठ्यात मिसळतात. नक्कल जितकी लांबेल तितकी ही फाईल फुगते, व मिसळताना सर्व्हर धापा टाकतो.

मी जेथे हे काम पाहतो त्या कार्यालयात हेच घडू लागले. साठा ४५० गिगाबाइट. रात्री दहाला सुरू झालेली प्रत सकाळी नऊ वाजून गेले तरी संपेना. लोक कामावर येत आणि त्यांची पत्रे उघडत नसत. कित्येकदा प्रत अर्धवट सोडावी लागे, आणि त्यातून दुसरे संकट उभे राहिले. एक्स्चेंज प्रत्येक बदलाची रोजनिशी लिहिते व प्रत यशस्वी झाल्यावरच तिची जुनी पाने काढून टाकली जातात. प्रत अपुरी राहिली की पाने साचतात. डिस्क भरली की टपालच बंद. आमच्याकडे चार दिवसांपुरतीच जागा उरली होती.

आम्ही प्रथम अंदाजाने उपाय केले, हे कबूल करतो. स्मृती वाढविली, प्रोसेसर वाढविले. विहिरीवर गर्दी असेल म्हणून इतर आभासी संगणकांच्या प्रतींच्या वेळा बदलल्या. काडीचाही फरक पडला नाही. मग वेग मोजला, जे आधीच करावयास हवे होते. रात्रभर तो सेकंदाला ११ मेगाबाइट होता. ना कमी, ना अधिक. गर्दीमुळे मंदावलेला वेग असा एकसारखा राहत नाही, खालीवर होतो. एकसारखेपणा म्हणजे कोठे तरी ठाम मर्यादा. आता तुम्हीच गणित करा. जाळ्याचा वेग सेकंदाला १००० मेगाबिट असेल तर, ८ बिटांचा एक बाइट या हिशेबाने, १२५ मेगाबाइट होतात. वेग १०० मेगाबिट असेल तर साडेबारा. वाटखर्च वजा जाता साडेबाराचे ११ उरतात !

स्विचवर पाहिले तो खरोखरच जोडणी १०० वर उतरलेली. केबलमध्ये तांब्याच्या तारांच्या चार जोड्या असतात. १००० मेगाबिटांना चारही लागतात, १०० ला दोन पुरतात. एक जोडी कपाटाच्या दारात चेंगरली होती. त्यामुळे जोडणी तुटली नाही, नुसती मंदावली. पूर्ण तुटली असती तर त्याच दिवशी कळले असते. केबल बदलली आणि अकरा तासांहून अधिक वेळ घेणारे काम सुमारे सत्तर मिनिटांत झाले.

तरीही एक शंका उरली. दिवसभरात नवी पत्रे थोडीच येतात, मग रोज साऱ्याच ४५० गिगाबाइटांचे वाचन का ? डिस्कचे कोणते भाग बदलले याची नोंद ठेवण्याची सोय व्हीएमवेअरमध्ये २००९ पासून आहे. त्यामुळे बदललेले तेवढेच उचलता येते. पण ही सोय प्रथम सुरू करताना त्या आभासी संगणकावर जुना स्नॅपशॉट असता कामा नये. आमच्या येथे कोणी तरी अनेक महिन्यांपूर्वी घेऊन विसरलेला एक होता. रविवारी तो मिसळून टाकला, नोंद नव्याने सुरू केली आणि एक पूर्ण प्रत घेतली. सोमवारच्या रात्रीची प्रत नऊ मिनिटांत उतरली. त्या वेगाचा मला भरवसा वाटेना, म्हणून मंगळवारी तिच्यातूनच एक जुने पत्र जोडपत्रासह परत काढून पाहिले. ते जसेच्या तसे निघाले.