मणक्याची इजा आणि भरपाईचा दावा

(ऊस विकास अधिकारी यांचेकडून)



या पानावर मी एरवी बेणे, लागण, खोडवा आणि हुमणी यांबद्दलच लिहीत असतो. या अंकात मात्र विषय वेगळा आहे. मी काही वकील नाही, शेतकी पदविकेचा माणूस आहे. पण गेल्या काही हंगामांत एका सभासदाच्या कामी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. त्यात जे कळले ते आपल्या कानी घालणे मला गरजेचे वाटते.

हा सभासद ३६ वर्षांचा. संध्याकाळी डेअरीवर दूध घालून मोटारसायकलने घरी येत होता, तेव्हा मागून आलेल्या जीपने त्याला उडवले. मी फडावरून परत येत होतो, त्यामुळे पाच मिनिटांत तिथे पोचलो. "साहेब, पाय लागत नाहीत," एवढेच तो म्हणत होता. आम्ही चौघांनी त्याला बगलेत आणि गुडघ्यात धरून उचलले, दुसऱ्या एका गाडीत बसवले आणि दवाखान्यात नेले. त्याचे कमरेखालचे अंग गेले ते गेलेच. आमच्या उचलण्यानेच असे झाले, असे कोणी म्हटले नाही. पण असे उचलणे चूक होते हे मला नंतर कळले. ते कळल्यापासून ती संध्याकाळ माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. ठिबकची मेन लाईन जिथे दबते तिथून पुढच्या सगळ्या नळ्या कोरड्या पडतात, तसेच इथे होते. मार मानेत बसला तर हातपाय चारही जातात. पाठीत किंवा कमरेत बसला तर पाय जातात आणि लघवी-संडासवरचा ताबाही जातो. फरक एवढाच की पाईप जोडता येतो, मज्जारज्जू तुटला तर पुन्हा सांधत नाही. मात्र मणका मोडला असून रज्जू अजून शाबूत आहे, अशी स्थितीही असते. तेव्हा माणसाला वाकवून उचलले, तर उरलेले कामही आपल्याच हाताने बिघडू शकते. म्हणून मान किंवा पाठ दुखते, हातपायांना मुंग्या येतात किंवा ते हलत नाहीत असे जखमी म्हणाला, तर त्याला उठवून बसवू नये. पाणीही पाजू नये. डोके दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवावे आणि १०८ ला फोन करावा. आग लागली असेल किंवा अन्य धोका असेल आणि हलवावेच लागले, तर तीन-चार जणांनी मिळून डोके, पाठ आणि पाय एका रेषेत ठेवून, ओंडका वळवावा तसे एकदम वळवून फळीवर किंवा दरवाज्याच्या पल्ल्यावर घ्यावे. जखमीला मदत करणाऱ्यास पोलीस किंवा कोर्ट त्रास देईल ही भीती आता सोडावी. २०१९ च्या दुरुस्तीने अशा माणसाला मोटार वाहन कायद्यात संरक्षण दिलेले आहे. मे २०२५ पासून रस्ता अपघातातील जखमीस पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोख पैसे न भरता उपचार मिळण्याची केंद्राची योजनाही लागू झाली आहे. दवाखान्यात ती नाव घेऊन विचारावी.

आता भरपाईकडे येतो. दावा खरा कमावला किंवा गमावला जातो तो पहिल्या दोन दिवसांत. आमच्या सभासदाच्या केसपेपरवर घाईघाईत लिहिले गेले, "मोटारसायकलवरून पडल्याने इजा." जीपचा उल्लेखच नाही. घरचे रडण्यात, आम्ही पैसे गोळा करण्यात, आणि सांगणाराने जे सांगितले ते लिहिणाराने लिहिले. आज विमा कंपनीचा वकील तेवढा एक कागद धरून बसला आहे. तेव्हा कोणत्या वाहनाने, कोठे आणि किती वाजता धडक दिली हे दवाखान्याच्या पहिल्या कागदावर आले पाहिजे. वाहनाचा नंबर पोलीस ठाण्यात त्याच दिवशी नोंदला गेला पाहिजे. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. तो दिला की नाही याची चौकशी आपणच करीत राहावी.

दाव्याची मुदत ही दुसरी गोष्ट. १९९४ च्या दुरुस्तीने मुदतीची अट काढून टाकली होती, त्यामुळे "भरपाईला मुदत नसते" असे जुने लोक अजून सांगतात. ते आता खरे नाही. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची अट कायद्यात परत आली आहे. मणक्याच्या रोग्याचे सहा महिने दवाखान्यात कसे जातात ते कळतही नाही. आमचे लोक माझ्याकडे आले तेव्हा पाचवा महिना सरत आला होता! अपघात पुण्याकडे झाला म्हणून दावा पुण्यातच लावावा लागतो असेही नाही. जखमी जिथे राहतो त्या हद्दीतल्या न्यायाधिकरणातही तो लावता येतो, म्हणजे आपल्याला आपल्या जिल्ह्यातच. निकाल मान्य नसेल तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते.

पैसे किती मिळावेत, हा प्रश्न सगळ्यांचा असतो. या विषयावर कोर्टात आजही ज्याचे नाव घेतले जाते ते प्रकरण आपल्या महाराष्ट्रातलेच आहे. आर. डी. हट्टंगडी हे मुंबईचे वकील. १९८० साली, वयाच्या ५२ व्या वर्षी, मोटार अपघातात त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले आणि अपंगत्व १०० टक्के ठरले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जानेवारी १९९५ मध्ये लागला. स्वतः वकील असलेल्या माणसालाही इतकी वर्षे लागली, हे लक्षात घ्यावे. त्या निकालात न्यायालयाने भरपाईचे दोन भाग स्पष्ट मांडले. एक भाग हिशेबात बसणारा, म्हणजे औषधपाणी, बुडालेली कमाई आणि इतर खर्च. दुसरा भाग हिशेबात न बसणारा, म्हणजे सोसलेल्या आणि पुढे सोसाव्या लागणाऱ्या वेदना, चालणे-बसणे गेल्याने हिरावलेले सुख आणि मनाची कुचंबणा. वेदनांसाठी आणि गेलेल्या सुखांसाठी प्रत्येकी दीड लाख रुपये त्यात धरले गेले. आजच्या मानाने रक्कम लहान वाटेल, पण दाव्यात दोन्ही भाग वेगवेगळे मागायचे असतात हा धडा तिथून मिळतो. आपले लोक फक्त दवाखान्याची बिले जोडतात आणि थांबतात.

दुसरा निकाल २०१० चा, राजकुमार विरुद्ध अजयकुमार. त्यात न्यायालयाने सांगितले की डॉक्टरने दिलेले अपंगत्वाचे टक्के आणि कमाईचे झालेले नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जखमीचा धंदा काय होता आणि आता त्याला काय करता येते, हे पाहून नुकसान ठरवायचे. दाखल्यावर ७० टक्के असले तरी दारे धरणाऱ्या आणि ट्रॅक्टर हाकणाऱ्या माणसाची कमाई पुरी १०० टक्के बुडते, हे वकिलामार्फत मांडता आले पाहिजे. उपचार करणाऱ्या डॉक्टरची साक्ष यात महत्त्वाची असते. नुसता आयता दाखला पुरत नाही.

हिशेब कसा होतो ते पाहू. सभासदाची स्वतःच्या श्रमाची कमाई महिना १५,००० रुपये धरा. वर्षाचे झाले १,८०,०००. वय ४० च्या आत असून स्वतःचा धंदा असेल, तर पुढील वाढीपोटी ४० टक्के मिळवतात (४० ते ५० वयास २५, ५० ते ६० वयास १० टक्के, हे २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे). झाले २,५२,०००. आता वयाचा गुणक. २००९ च्या सरला वर्मा निकालात तो ठरला आहे: ३६ ते ४० वयास १५, ४१ ते ४५ ला १४, ४६ ते ५० ला १३. म्हणजे २,५२,००० गुणिले १५, एकूण ३७,८०,००० रुपये. माणूस जिवंत आहे, त्यामुळे त्याच्या खाण्यापिण्याची वजावट यातून होत नाही. शिवाय त्याला कुशीवर वळवणे, नळी बदलणे, पाठीला जखमा पडू न देणे, यासाठी रात्रंदिवस एक माणूस लागतो. ते काम घरची बाई करते म्हणून ते फुकट ठरत नाही. हरियाणात ट्रॅक्टरवरून आई-वडिलांबरोबर जाणाऱ्या १२ वर्षांच्या मुलीस ट्रकच्या धडकेने डोक्याला मार लागून कायमचे अंथरूण धरावे लागले. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दोन मदतनिसांचे महिना ५,००० प्रमाणे १८ वर्षांच्या गुणकाने २१,६०,००० रुपये फक्त सेवेपोटी दिले. न्यायाधिकरणाने एकूण ११ लाखांवर दिले होते, शेवटी ते ६२ लाखांवर गेले.

शेतकऱ्याची अडचण पुढेच आहे. समोरचा वकील म्हणतो, "जमीन तर जागेवरच आहे, ऊसही उभा आहे, मग नुकसान कसले?" हा मुद्दा अगदीच पोकळ नाही. २००३ च्या जसबीर कौर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले की जमीन कुटुंबाकडे राहते, पण ती पाहायला माणूस ठेवावा लागेल. म्हणून सातबारा आणि एकूण उत्पन्न दाखवून भागत नाही. तो माणूस स्वतः काय करत होता ते दाखवावे लागते. रात्रीचे पाणी, फवारणी, ट्रॅक्टर, दूध. त्याच्या जागी सालदार ठेवला असेल तर त्याच्याशी केलेला कागद, दिलेल्या पैशाच्या पावत्या, डेअरीची बिले, बँक पासबुक आणि अपघाताआधीच्या तीन हंगामांची ऊसबिले. या ठिकाणी कारखान्याचा कागद उपयोगी पडतो.

आता थोडे कडू बोलतो. गाळपाच्या दिवसांत आपण कधी जखमीच्या बाजूला असतो तर कधी प्रतिवादीच्या. विना रिफ्लेक्टर, विना दिव्याची ट्रॉली रात्री रस्त्यावर उभी करून मालक जेवायला जातो. विमा असतो ट्रॅक्टरचा, ट्रॉलीचा नसतो. विमा नसेल तर लाखांचा निकाल थेट मालकावर येतो. आणि मडगार्डवर किंवा भरल्या ट्रॉलीवर माणसे बसवणे तर रोजचेच! २००७ च्या ब्रिजमोहन प्रकरणात अशाच ट्रॉलीवर बसलेल्या मजुराबाबत विमा कंपनीची जबाबदारी नाही असे ठरले. त्या गरिबाला पैसे मिळाले ते न्यायालयाने खास अधिकार वापरून कंपनीला आधी देऊन मालकाकडून वसूल करायला लावले म्हणून. कामावरील मजुराला कामगार भरपाईचाही मार्ग असतो. मात्र दोन्हीपैकी एकच निवडावा लागतो.

वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर गंभीर दुखापतीस ५०,००० रुपये मिळण्याची तरतूद आहे. विहिरीत किंवा झाडावरून पडून मणका मोडला, तर न्यायाधिकरणाचा संबंध येत नाही. तिथे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख, एक झाल्यास १ लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत करावा.

दवाखान्याच्या दारात "आम्ही सगळे बघतो, मिळेल त्यात चौथाई आमची" म्हणणारे भेटतात. वकिलाने निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवणे वकिलांच्या नियमांत बसत नाही. अपंग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. लोकअदालत चांगलीच आहे, पण तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. पहिल्या वर्षात जखमा, लघवीचे विकार, पुन्हा भरती, हे सगळे किती होणार याचा अंदाज येत नाही. म्हणून दावा मुदतीत लावावा आणि तडजोडीची घाई करू नये. दाव्यात मागितल्यापेक्षा जास्त रक्कम देण्याचा अधिकारही न्यायाधिकरणास आहे.

आमच्या सभासदाचा दावा अजून चालू आहे. पुढच्या तारखेला डेअरीच्या सचिवांची आणि माझी साक्ष आहे. ज्या सभासदांना ऊसबिलांच्या प्रती अशा कामासाठी लागतील त्यांनी सभासद क्रमांक आणि हंगाम लिहून गट कार्यालयात अर्ज द्यावा.